मक्याच्या मुलखातले थांबे : कुठे वळावं, कुठे सरळ पुढे जावं

रामबाग काय, लोकमान्य नगर काय, सुदामा नगर काय, इंदूरच्या मराठी घरांतून मे-जूनमध्ये मुलांकडे अमेरिकेला जाणारे आईवडील आता नवलाईचे राहिलेले नाहीत. मुक्काम शिकागोच्या आसपास असला की शहर बघून होतं, नायगारा होतो, आणि मग एखाद्या लांब वीकएंडला गाडी पश्चिमेकडे काढायची टूम निघते. तिकडे आयोवा, मिनेसोटा, साउथ डकोटा. मुलं आधीच बजावतात, "तिकडे काही नाही, नुसता मका." मका आहेच. पण त्या मक्यात जागोजागी एखादं छोटं गाव हायवेवरच्या गाड्या आपल्याकडे वळवायला काहीतरी उभं करून बसलेलं असतं. कुठे पंचावन्न फुटी पुतळा, कुठे सुतळीचा गोळा, कुठे कणसांनी मढवलेला महाल. यातले काही थांबे मुद्दाम वेळ काढून बघावेत असे आहेत, काही पाय मोकळे करण्यापुरते ठीक, आणि एक-दोन खुशाल सोडावेत.

"जगातलं सर्वांत मोठं" या पाटीला भुलू नये. ती तिकडे गल्लोगल्ली आहे. ती वस्तू गावाच्या पिकातून किंवा धंद्यातून आलेली आहे का, आणि जानेवारीच्या बर्फात, पर्यटक नसताना, गावकऱ्यांना तिचा काही उपयोग आहे का, एवढंच बघावं. दोन्हींचं उत्तर हो असेल तिथे तास-दीड तास सहज जातो. नुसत्या गाड्या थांबवायला केलेल्या वस्तूपाशी लोक फोटो काढून पाच मिनिटांत परत गाडीत बसतात आणि पेट्रोल फुकट गेलं म्हणतात.

खालचा क्रम शिकागोहून आयोवा ओलांडून साउथ डकोटातल्या मिचेलपर्यंत आणि आय-९० या हायवेने परत, असा आहे. याला चार दिवस धरा. तीन दिवसांत होतं, पण मग सगळा वेळ गाडीतच जातो. वाटेचा हिशेब सोपा आहे: आयोवा, मिनेसोटा आणि साउथ डकोटात पूर्व-पश्चिम हायवेच्या एक्झिटचे नंबर राज्याच्या पश्चिम सीमेपासूनच्या मैलांवरून दिलेले असतात. आय-८० वर वॉलकॉट २८४ ला आणि अमाना २२५ ला, म्हणजे मध्ये ५९ मैल. नंबर वजा केले की अंतर मिळतं, फोनला रेंज नसली तरी अडत नाही. टोल लागतो तो इलिनॉयमध्येच, आणि तिथे रोख पैसे घेणारा माणूस बसलेला नसतो. गाडीचा नंबर टिपला जातो आणि पैसे नंतर ऑनलाइन भरायचे. भाड्याची गाडी असेल तर ती कंपनी टोलवर स्वतःची रोजची फी लावते का, हे किल्ली हातात घेण्याआधी विचारावं.

मिसिसिपी ओलांडण्याआधी मोलीनला जॉन डियर या ट्रॅक्टर आणि शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचं पॅव्हिलियन, म्हणजे प्रदर्शनाचं दालन, लागतं. प्रवेश फुकट, हार्वेस्टरच्या केबिनमध्ये चढून बसता येतं. मोलीन तसं छोटं गाव नाही, पण नातवंडं बरोबर असतील तर पाऊण तास द्यावा. पुढे दोन दिवस शेतांत दिसणारी हिरवी-पिवळी यंत्रं नेमकी काय करतात ते इथे हाताने चाचपून कळतं.

वॉलकॉटचा आयोवा-८० हा ट्रक स्टॉप १९६४ पासून चालू आहे आणि चोवीस तास उघडा असतो. "जगातला सर्वांत मोठा" ही पाटी इथेही आहे, पण ही जागा पर्यटकांसाठी नाही, ट्रकवाल्यांसाठी आहे, आणि म्हणूनच बघण्यासारखी आहे. आत न्हावी आहे, दातांचा डॉक्टर आहे, अंघोळीच्या खोल्या, कपडे धुण्याची सोय, छोटं सिनेमागृह. एका हॉलमध्ये ट्रकला लावायच्या क्रोमच्या वस्तूंचं दुकान आहे. नळकांडी, दिवे, आरसे, सगळं इतकं लखलखीत की डोळे दिपतात. आवारातच जुन्या ट्रकचं संग्रहालय आहे, तेही फुकट. मात्र ते चोवीस तास नाही, वेळ बघून जा. थांबा एक तासाचा, आणि स्वच्छतागृहांना पैकीच्या पैकी गुण. इंदूरकर या बाबतीत कसे काटेकोर असतात ते वेगळं सांगायला नको.

पेट्रोल इथेच भरून घेणं शहाणपणाचं. त्यातल्या तीन गोष्टी ठाऊक हव्यात, कारण नेमक्या इथेच पाहुण्यांच्या चुका होतात. एक, पंपावर कार्ड घातलं की मशीन पाच आकडी झिप कोड मागतं. भारतातल्या कार्डाला तो नसतो, व्यवहार नाकारला जातो. आत काउंटरवर जाऊन पंपाचा नंबर सांगायचा, चाळीस डॉलर आगाऊ द्यायचे आणि मग भरायचं. उरलेले पैसे परत मिळतात. दोन, डिझेलची मूठ बहुधा हिरवी असते, पण काही कंपन्यांच्या पंपांवर पेट्रोलचीच मूठ हिरवी असते. रंगावर न जाता अक्षरं वाचावीत. तीन, पिवळी मूठ दिसली आणि भाव सगळ्यांत कमी दिसला तर मोहात पडू नये. ते ई-८५, त्यात निम्म्याहून जास्त इथेनॉल असतं आणि ते फक्त त्यासाठीच बनवलेल्या गाड्यांना चालतं. साध्या गाडीत गेलं तर इंजिन अडखळतं, डॅशबोर्डावर दिवा लागतो. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणापाशी लिहिलेलं असतं, ते बघावं. हे इथेनॉल मक्याचंच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल दिसतो तो मका माणसांच्या ताटात फारसा जातच नाही. तो जातो गुरांच्या खाद्यात आणि इथेनॉलच्या कारखान्यांत. म्हणून शेतात शिरून कणीस मोडायचा विचारही करू नये. एकतर ती घुसखोरी, आणि वर ते कणीस दाताला लागणार नाही.

अमानाबद्दल आधी एक गैरसमज दूर करायला हवा. घोडागाडी चालवणारे, वीज न वापरणारे आमिश लोक ते हे नव्हेत. अमानाची सात गावं जर्मनीतून आलेल्या एका धार्मिक पंथाने १८५५ पासून वसवली. जमीन सामाईक, कारखाने सामाईक, स्वयंपाकघरंसुद्धा सामाईक. कोणाच्या घरात चूल नाही. १९३२ मध्ये त्यांनी स्वतःच मतदान करून ही व्यवस्था मोडली. दोन वर्षांनी त्याच गावातून शीतकपाटांचा धंदा उभा राहिला, आणि १९६७ मध्ये घरगुती ओट्यावर मावणारा मायक्रोवेव्ह बाजारात आणला तो याच अमाना नावाने. मिडल अमानातलं जुनं सामाईक स्वयंपाकघर जसंच्या तसं राखलेलं आहे. आपल्याकडच्या पन्नास पानांच्या पंगती ज्यांनी रांधल्या आहेत त्या बायकांनी ते आवर्जून बघावं, भांड्यांचे आकार बघून लगेच हिशेब लावतील. लोकरीची गिरणी चालू आहे, घोंगड्या चांगल्या आहेत, स्वस्त नाहीत. मुख्य अमानातली दुकानं मात्र कुठल्याही पर्यटनस्थळासारखी: मेणबत्त्या, फज, फ्रिजवर चिकटवायची चित्रं. तिथे रमलात तर बाकीची सहा गावं राहतात. उलट करावं, आधी सातही गावांची गाडीने फेरी, दुकानं शेवटी.

आमिश बघायचेच असतील तर दक्षिणेला कलोना आहे. रविवारी तिथली त्यांची दुकानं बंद, आणि चेहऱ्यांचे फोटो काढणं त्यांना पसंत नसतं. चढावर घोडागाडी एकदम समोर येते, त्यामुळे वेग आवरावा. घोडागाडी असो की ट्रॅक्टर, मागे नारिंगी त्रिकोण दिसला की तो ताशी पंचवीस मैलांच्या आत चालला आहे असं समजून ब्रेकवर पाय ठेवावा.

एल्डन हे हजाराच्या आत वस्तीचं गाव, हायवेपासून चांगलंच आत. तिथे बघायला एक घर आहे, आणि आमच्या मते सबंध आयोवात छोट्या गावांनी केलेल्या सोयींत ही सगळ्यांत नीटस. चित्रकार ग्रँट वुड याने ऑगस्ट १९३० मध्ये हे छोटं पांढरं लाकडी घर पाहिलं. एवढ्याशा घराच्या माडीला चर्चला शोभेल अशी टोकदार कमानीची खिडकी. ती त्याच्या डोक्यात बसली. 'अमेरिकन गॉथिक' हे त्याचं चित्र कोणी पाहिलं नसेल असं होणार नाही: गोल चष्म्याचा, हातात तीन दात्यांचा फोर्क धरलेला शेतकरी आणि शेजारी ताठ चेहऱ्याची बाई. ती बाई म्हणजे चित्रकाराची बहीण आणि शेतकरी म्हणजे त्याचा दातांचा डॉक्टर. दोघंही या घरासमोर कधी उभे राहिलेच नव्हते. दोघांना वेगवेगळं बसवून रंगवलं. शिवाय ती जोडी नवरा-बायकोची नाही, बाप-लेकीची आहे. चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने ३०० डॉलरला घेतलं आणि ते त्यांच्याकडेच आहे. म्हणून क्रम असा ठेवा: आधी शिकागोत चित्र, मग एल्डनला घर. उलट केलं तर निम्मी मजा जाते.

घराशेजारच्या छोट्या केंद्रात काळा कोट, ॲप्रन, चष्मा आणि फोर्क वापरायला फुकट देतात. नऊवारीवर ॲप्रन चढवायलाही हरकत नाही. फोटो बिघडतो तो एकाच कारणाने: माणसं घराला खेटून उभी राहतात. मग खिडकी कुठल्या कुठे वर जाते आणि माणसं इवलीशी दिसतात. दोघांनी घरापासून बरंच पुढे, कॅमेऱ्यापासून पाच-सहा फुटांवर यावं; कॅमेरा छातीच्या उंचीला धरावा; काढणाऱ्याने थोडं डावी-उजवीकडे सरकून खिडकी दोन डोक्यांच्या मधोमध आणावी. पुरुष बघणाऱ्याच्या उजव्या हाताला, फोर्कचे दाते वर. आणि हसायचं नाही. तिथेच सगळे चुकतात.

एल्डनहून अर्ध्या तासावर फेअरफील्ड. महर्षी महेश योगींच्या संस्थेने १९७४ मध्ये इथलं बंद पडलेलं कॉलेज घेऊन विद्यापीठ चालवायला सुरुवात केली आणि शेजारी २००१ मध्ये महर्षी वैदिक सिटी नावाचं गाव रीतसर नोंदलं गेलं. घरांची तोंडं पूर्वेला, माथ्यावर कळस, आणि चहूकडे मका. बघायला म्हणून फार काही नाही, ध्यानाच्या सोनेरी घुमटांत येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रवेश नसतो. पण या सबंध वाटेवर शाकाहारी माणसाला "यात काय काय घातलंय?" हे न विचारता जेवता येईल असं हे एकच गाव. जेवणाची वेळ इथे साधावी.

पेल्ला डच लोकांनी १८४७ मध्ये वसवलं. मधोमध १२४ फुटी पवनचक्की आहे. हॉलंडमध्ये घडवून, सुटे भाग आणून २००२ मध्ये इथे उभी केली. ती नुसती शोभेची नाही, तिच्यावर खरोखर गहू दळतात, आणि आत वरपर्यंत नेऊन दाखवतात. लाकडी दातांची चाकं एकमेकांत कशी बसतात, जात्यातलं अंतर पीठ जाड-बारीक करायला कसं कमी-जास्त करतात, हे जवळून बघायला मिळतं. दळण दळून आणण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना हे पटकन समजतं. मेच्या पहिल्या आठवड्याअखेरीस ट्यूलिपचा उत्सव असतो, तेव्हा गावात राहायला खोली मिळत नाही. डेमॉइन या आयोवाच्या राजधानीत राहून सकाळी यावं. बेकरीत एस-आकाराचे, आत बदामाचा गोळा भरलेले डच लेटर मिळतात. ते घ्यावेतच, अंडं चालत नसेल तर मात्र आधी विचारून.

विंटरसेटच्या आसपास मॅडिसन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) छपराचे लाकडी पूल आहेत. एके काळी १९ होते, आता ६. छप्पर माणसं भिजू नयेत म्हणून घातलेलं नाही. पुलावर पायाखाली येणारं जाड लाकूड पाऊस-बर्फाने कुजलं की बदलायला फार खर्च. छपराच्या आणि बाजूच्या फळ्या बदलणं त्या मानाने स्वस्त. म्हणजे छत्री पुलाला, माणसाला नव्हे. आत उभं राहून वर बघितलं की तुळयांची कैची दिसते, खिळ्यांच्या रांगा दिसतात, आणि लोकांनी फळ्यांवर कोरलेली नावंही दिसतात. हा रोग मांडूच्या भिंतींपुरताच आहे असं समजू नये. सीडर नावाचा पूल आग लावून दोनदा जाळला गेला, २००२ आणि २०१७ मध्ये. आज उभा आहे तो २०१९ चा नवा.

सहाही पूल बघायचा हट्ट धरू नये. विंटरसेटच्या सिटी पार्कमधला १८७० चा पूल डांबरी रस्त्यावरून बघता येतो. गुडघे दुखणाऱ्यांना तोच बरा. त्याच्या जोडीला १८८० चा हॉलिवेल, सगळ्यांत लांब, आणि १८८३ चा रोझमन, एवढे तीन पुरेत. शेवटच्या दोघांना खडीचे रस्ते आहेत आणि खरी गंमत तिथे होते. खडीवर ताशी पस्तीस-चाळीस मैलांच्या वर जाऊ नये. आडव्या खाचांवरून चाकं उसळतात आणि वळणावर गाडी सरकते. टेकाडाच्या माथ्यावर उजवी बाजू धरून राहावं, समोरून येणारा पिकअप धुळीत दिसत नाही. सगळ्यांत महत्त्वाचं: नकाशाचं ॲप जवळचा म्हणून कधीकधी अशा रस्त्यावर घालतं जिथे "लेव्हल बी" अशी पिवळी पाटी असते. त्या रस्त्यावर खडी नसते, निव्वळ माती, आणि काउंटी त्याची जेमतेमच निगा राखते. कोरडा असेल तर चालतो. पाऊस पडून गेला असेल तर मालव्याची काळी माती ज्यांनी चपलेला चिकटलेली पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको; चाकाला लागते, चाकाच्या कमानीत भरते, आणि गाडी जागची हलत नाही. ओढून काढायला येणारा पन्नास मैलांवरून येतो. पाटी दिसली की मागे फिरा, दहा मिनिटं वाचवायला जाऊ नका.

तिथून वायव्येला लमार्स. वेल्स कंपनी इथे १९१३ पासून दुधाच्या धंद्यात आहे, आइस्क्रीमचा मोठा कारखाना इथलाच, आणि गावभर आइस्क्रीम-कोनांचे रंगवलेले पुतळे उभे आहेत. कारखाना आतून दाखवत नाहीत अशी तयारी ठेवून जावं. गावातल्या पार्लरमध्ये आइस्क्रीम खायचं, वरचं छोटं प्रदर्शन बघायचं, निघायचं. मार्शमेलो घातलेले प्रकार कडक शाकाहारींनी टाळावेत, त्यात जिलेटिन असतं. थांबा अर्ध्या तासाचा आणि तो वाटेत असेल तरच.

आता मिचेलचा कॉर्न पॅलेस, या सगळ्या सफरीतला मुख्य थांबा. पहिला महाल १८९२ चा. या जमिनीत पीक येतं हे बाहेरच्यांना दाखवून वस्तीला माणसं आणायची, हा त्यामागचा सरळ हिशेब. आजची इमारत १९२१ ची, तिसरी. तिच्यावरचे घुमट आणि मिनार १९३७ मध्ये चढवले. प्रवेश फुकट. बाहेरच्या भिंतींवरची भलीमोठी चित्रं पूर्णपणे कणसांची असतात, रंगाचा एक थेंब नाही. दरवर्षी विषय नवा, चित्रं नवी.

ती करतात कशी ते समजून घेतलं तरच जागा बघण्यात अर्थ. आधी चित्र काळ्या डांबरी कागदावर पूर्ण आकारात आखतात आणि प्रत्येक तुकड्यात कुठल्या रंगाचं कणीस लावायचं ते लिहितात. कागद भिंतीच्या फळ्यांवर ठोकतात. कणीस करवतीने उभं मधोमध चिरायचं, सपाट बाजू फळीला टेकवायची आणि खिळे मारायचे. लाल, काळा, निळा, पांढरा, तपकिरी, केशरी, ठिपकेदार असे डझनभर रंग वापरतात आणि सगळे निसर्गाचे. मक्याचे परागकण वाऱ्याने उडतात. दोन रंग शेजारी पेरले तर दाणे मिसळ रंगाचे निघतात, म्हणून प्रत्येक रंगाचं शेत वेगळं ठेवावं लागतं. चित्रांच्या कडांना मक्याऐवजी राय नावाच्या धान्याच्या आणि आंबट चुक्याच्या जातीच्या रोपांच्या तुऱ्यांच्या झालरी असतात. जवळ जाऊन एका कणसाकडे बघा: दाण्यांच्या ओळी सरळ, मध्ये खिळ्याचं डोकं, आणि खालच्या बाजूच्या कणसांवर निम्मे दाणे गायब. ते पक्ष्यांनी आणि खारींनी नेलेले.

म्हणून कधी जायचं याला इथे फार महत्त्व आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कडांचं जुनं गवत काढायला लागतात, ऑगस्टअखेर जुनी कणसं उतरवतात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत नवी चित्रं पुरी होतात. मे-जूनमध्ये गेलात तर गेल्या वर्षीची, उन्हाने विटलेली चित्रं दिसतील. सप्टेंबरमध्ये अर्ध्या भिंती उघड्या काळ्या कागदाच्या दिसतील. काहींचा हिरमोड होतो, पण आमच्या मते बघायला जायची खरी वेळ हीच, कारण करवत आणि खिळे चालू असतात. पूर्ण झालेलं टवटवीत बघायचं तर ऑक्टोबर. दुष्काळात पीक नसेल तर जुनीच चित्रं वर्षभर ठेवतात. २००६ साली तसं झालं होतं.

आत गेल्यावर निराश होणारे पुष्कळ, कारण "महाल" म्हटल्यावर लोक काहीतरी वेगळंच मनात धरतात. आत आहे बास्केटबॉलचं मैदान आणि भोवती खुर्च्या. उन्हाळ्यात त्या मैदानावर वस्तूंचे स्टॉल लागतात. हिवाळ्यात गावच्या शाळा-कॉलेजांचे सामने, मैफली, पदवीदान. पण हाच आमच्या मते महालाचा मोठा गुण. गावाला तो लागतो, म्हणून शंभर वर्षं टिकला. आतल्या भिंतींवरही कणसांची चित्रं आहेत. १९४८ पासून दोन दशकांहून जास्त काळ आराखडे करणारे ऑस्कर हाउ हे डकोटा आदिवासी चित्रकार होते, त्यांच्या कामाची तिथे आठवण ठेवलेली आहे. दीड तास द्या, गाडी मागच्या गल्लीत लावा.

मिचेलहून पुढे पश्चिमेला वॉल ड्रग आहे: एक्झिट ३३२ वरून ११० ला, म्हणजे २२२ मैल, एका बाजूने तीन तास. १९३१ मध्ये घेतलेलं औषधांचं दुकान चालेना, तेव्हा मालकाने १९३६ मध्ये रस्त्यावर "बर्फाचं पाणी फुकट" अशा पाट्या लावल्या आणि नशीब फिरलं. पाणी आजही फुकट, कॉफी पाच सेंट, आवारात ऐंशी फुटी डायनोसॉर. निव्वळ दुकानासाठी एवढं जाऊ नये. एक्झिट १३१ ला उतरून बॅडलँड्स या झिजलेल्या कड्या-सुळक्यांच्या राष्ट्रीय उद्यानातल्या वळणदार रस्त्याने वॉलला निघालात तर मात्र दिवस सार्थकी लागतो, आणि दुकान हे शेवटी पाणी प्यायचं ठिकाण म्हणून छान. वाटेत घड्याळ एक तास मागे जातं हे हॉटेलच्या आणि परतीच्या हिशेबात धरा.

परतताना मिनेसोटात आय-९० वर, एक्झिट ११९ ला, ब्लू अर्थ गावात हिरव्या राक्षसाचा पुतळा आहे. साडेपंचावन्न फूट, १९७९ चा. वाटाणे आणि मक्याचे दाणे डब्यात भरणाऱ्या कंपनीचं हे चिन्ह, आणि गावात भाज्या डबाबंद करण्याचा कारखाना होता म्हणून तो इथे. दोन पायांच्या मधून जिना आहे, फोटो घ्यायचा, पंधरा मिनिटांत पुढे. पुढच्या ऑस्टिन गावात डबाबंद मांसाचं संग्रहालय आहे. फुकट आहे, चोख आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी सोडून दिलं तरी चालेल.

हाताशी अर्धा दिवस जास्त असेल तर ब्लू अर्थहून दक्षिणेला, तास-सव्वा तासावर, वेस्ट बेंडला जा. पॉल डॉबरस्टाइन या पाद्र्याने १९१२ मध्ये तिथे दगड, स्फटिक आणि अश्मीभूत लाकडाच्या गुहा बांधायला घेतल्या आणि १९५४ मध्ये मरेपर्यंत तेच केलं. भिंतीचा एक हातभर तुकडा निवडून निवांत बघावा: क्वार्ट्झ, अ‍ॅगेट, शिंपले, सिमेंटमध्ये बोटाने दाबून बसवलेले. शेतकऱ्यांच्या गावात हे का, असा प्रश्न पडतो. तो पडला तरी चालतं. इथे आमचा निकष लागू पडत नाही, आणि तरीही कॉर्न पॅलेसनंतर दुसरा नंबर याचाच.

सुतळीच्या गोळ्यांबद्दल थोडक्यात. गवताचे गठ्ठे बांधायची सुतळी कापली की तिचे तुकडे गोठ्यात पडून राहतात. गुरांच्या पोटात जातात, यंत्रात अडकतात, म्हणून शेतकरी गोळा करून ठेवतो. मिनेसोटातल्या डार्विनमध्ये एकट्या माणसाने १९५० ते १९७९ गुंडाळत बारा फूट रुंदीचा, जवळपास आठ टनांचा गोळा केला. तो काचेआड आहे. कॅन्ससमधल्या कॉकर सिटीचा गोळा उघड्यावर आहे आणि पाहुण्यांना त्यावर चार हात सुतळी गुंडाळता येते. मिनिॲपोलिसला जाणार असाल तर डार्विन, नाहीतर दोन्ही राहू द्या.

खाण्याचं. बारक्या गावांतल्या हॉटेलांत भाज्यांचं सूप बहुधा मांसाच्या पाण्यात असतं, शिजवलेल्या बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते, पायच्या पारीतही. बिनधोक म्हणजे ग्रिल्ड चीज सँडविच, पॅनकेक (अंडं चालत असेल तर), भाजलेला बटाटा, आणि केसीज नावाच्या पेट्रोलपंपांवरची चीज पिझ्झा. आयोवातली माणसंही ती आवडीने खातात. सेव आणि जीरावन इंदूरहून नेलेलं असतंच. जुलैच्या मध्यापासून रस्त्याकडेला गोड मक्याचे ठेले लागतात, डझनावर विकतात. कधी ठेल्यावर माणूस नसतो, नुसता पैशाचा डबा. सुट्या नोटा जवळ ठेवा. हा मका सराफ्यातल्या भुट्ट्याहून कोवळा आणि बराच गोड, किसला की पाणी सुटतं. मुलाच्या घरी परतल्यावर कीस करायचा तर दूध निम्मं घाला, साखर अजिबात नाही, हिरवी मिरची एक जास्त, आणि मंद आचेवर पाणी आटेपर्यंत हलवत राहा.

जुलैत हवा मात्र जड असते. एवढा मका पानांतून पाणी सोडतो की रात्रीही चिकचिक होते. मालव्याच्या गार रात्रींची सवय असलेल्यांना ते जाणवतं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा सगळ्यांत चांगला काळ, सोयाबीन पिवळं पडलेलं, कापणी चालू. पण लेबर डे (तिकडे तो सप्टेंबरचा पहिला सोमवार) उलटला की छोटी संग्रहालयं फक्त शनिवार-रविवार उघडतात आणि संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचावं.

राहिलं इलिनॉयमधलं केसी, आय-७० च्या एक्झिट १२९ वर. (वरच्या पेट्रोलपंपांशी याचा संबंध नाही.) पंचावन्न फुटी विंडचाइम, साडेछप्पन फुटी झुलती खुर्ची, जिना चढून आत जाता येईल एवढी टपालपेटी. हे सगळं गावात गाड्या याव्यात म्हणूनच केलेलं, त्यामुळे आमच्या निकषावर नापास व्हायला हवं. पण विंडचाइमची दोरी ओढून ती वाजवता येते, पेटीत शिरता येतं, सगळं फुकट आहे, आणि नातवंडं तासभर हलत नाहीत. मोठ्यांना अर्ध्या तासात कंटाळा येईल. शिकागोहून साडेतीन तास लागतात, तेव्हा सेंट लुईस किंवा इंडियानापोलिसला जाणं ठरलेलंच असेल आणि गाडीत मुलं असतील तर वळा, एरवी नाही.